इंग्लंडमधली एक एकर वाइन-द्राक्षबाग: वर्षभराची कामे, महिन्यांच्या क्रमाने

ही माहिती केंट, ससेक्स, हॅम्पशर, एसेक्स या दक्षिण इंग्लंडच्या पट्ट्यातल्या छोट्या बागेसाठी आहे. बाग साधारण एक एकराची, दक्षिणेकडे उतरती आणि समुद्रसपाटीपासून १०० मीटरच्या आत असेल असे धरले आहे. दोन ओळींत २.२ मीटर आणि दोन वेलींत १.२ मीटर अंतर. टोकाला गाडी वळवायची जागा सोडली की सुमारे १,४०० वेली बसतात. जाती शार्दोने, पिनो न्वार आणि बॅकस. वळण दुहेरी गुयो पद्धतीचे, फळतार, म्हणजे फळकाड्या बांधायची तार, जमिनीपासून ८५ ते ९० सेंटिमीटरवर.

आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी होते. इथे वेल नोव्हेंबर ते एप्रिल झोपलेली असते, त्यामुळे छाटणी एकच. ५१ अक्षांशावर उन्हाळ्याचे दिवस लांब असले तरी उष्णता तोकडी असते. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत साधारण १०० दिवस लागतात आणि ते संपेपर्यंत शरद ऋतूचा पाऊस दारात उभा असतो. साखर कमी भरली तर वाइन तरी होते, ओलीने घड कुजले तर काहीच हाती लागत नाही. म्हणून पुढच्या जवळजवळ प्रत्येक कामात प्रश्न एकच विचारायचा: याने पाला पातळ राहील का, आणि घड लवकर वाळतील का?

जानेवारी ते मार्च: छाटणी

पाने पूर्ण गळून वेल शांत झाल्याशिवाय कात्री लावू नका. पानांतले आणि काडीतले अन्न खोडात व मुळांत उतरायला वेळ लागतो. छाटणी कोरड्या दिवशी करा. पावसात ओल्या जखमांवर खोड मारणाऱ्या बुरशींचे बीजाणू बसतात आणि त्याचा परिणाम चार-पाच वर्षांनी अर्धी वेल वाळल्यावर दिसतो. बागेचा खालचा, थंड हवा साचणारा भाग शेवटी, मार्चमध्ये घ्या. उशिरा छाटलेली वेल काही दिवस उशिरा फुटते आणि तेवढे दिवस फ्रॉस्टच्या, म्हणजे कोवळी फूट गोठवणाऱ्या थंडीच्या, काळात सोन्याचे असतात. मार्चअखेर छाटलेल्या काडीतून पाणी गळताना दिसेल. त्याने वेलीचे काही बिघडत नाही.

गुयो पद्धतीत कायमचा ओलांडा (तारेवरची आडवी जुनी फांदी) नसतो. दरवर्षी जुन्या फळकाड्या काढून दोन नव्या काड्या दोन बाजूंना तारेवर आडव्या करायच्या आणि माथ्याजवळ दोन-दोन डोळ्यांच्या दोन खुंट्या पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. खोडाचा माथा फळतारेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असला पाहिजे. माथा वर चढत गेला की काडी वाकवायला जागा उरत नाही, तुटण्याचे प्रमाण वाढते आणि मग जुन्या लाकडात मोठे घाव घालून वेल खाली आणावी लागते.

काडी निवडताना पेन्सिलीएवढी जाड, ७ ते १० मिलिमीटरची, पूर्ण तपकिरी आणि मागच्या उन्हाळ्यात उजेडात वाढलेली घ्या. कापल्यावर आतला भाग हिरवट पांढरा दिसला तर काडी जिवंत आहे. तपकिरी दिसला तर ती पक्वच झाली नव्हती, दुसरी शोधा. अंगठ्याएवढ्या जाड, लांब पेऱ्यांच्या काड्या दिसायला दमदार, पण फळाला कुचकामी.

किती डोळे ठेवायचे याचे गणित अंतरावरून निघते. एका बाजूला ६० सेंटिमीटर जागा आहे आणि पेरे सरासरी ७ सेंटिमीटरचे, म्हणजे प्रत्येक काडीवर ८ डोळे. शेजारच्या वेलीच्या काडीवर आपली काडी चढता कामा नये. तिथे फुटव्यांची दुप्पट गर्दी होते आणि पहिली घडकुज नेमकी त्या जागी सापडते. मागच्या वर्षीचे बहुतेक फुटवे पेन्सिलीहून बारीक असतील तर वेल थकली आहे, एकच काडी ठेवा. फारच कमजोर असेल तर दोन खुंट्यांवर आणून सोडा, वर्षभर फळ विसरा.

काप डोळ्याला चिकटून घेऊ नका. एक-दीड सेंटिमीटर लाकूड पुढे ठेवा. दोन वर्षांहून जुने लाकूड कापताना त्याच्या जाडीएवढा ठोंब सोडा, कारण काप आतल्या बाजूला वाळत जातो आणि ठोंब नसेल तर ते वाळणे खोडाच्या रसवाहिन्यांत शिरते.

छाटणी, तारांतून जुन्या काड्या ओढून काढणे आणि बांधणी धरून वेलीमागे चार मिनिटे मोजा. म्हणजे १,४०० वेलींना ९० तासांहून थोडे जास्त. यातला मोठा वेळ ओढण्यात जातो. जुनी काडी दोन-तीन तुकडे करून, तणावे कापून ओढली तर नव्या काडीचे डोळे झडत नाहीत. बारीक काड्या ओळींच्या मध्ये टाकून यंत्राने चुरा करायला हरकत नाही. मेलेले जाड लाकूड मात्र बागेबाहेर न्यावे.

बांधणीसाठी दमट, थोडा उबदार दिवस निवडा. कोरड्या गारठ्यात काडी काचेसारखी तुटते. एका हाताने माथ्याजवळ काडी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने हलका पीळ देत थोडी थोडी खाली आणायची. आतल्या तंतूंचा बारीक कटकट आवाज येतो. एवढा आवाज चालतो, साल उघडी पडली तर थांबायचे. टोकाला शेवटच्या डोळ्यापुढे घट्ट गाठ, मध्ये एक सैल. डोळ्यांवर लोकर दिसायच्या आत बांधणी संपवा. फुगलेला डोळा बाहीच्या स्पर्शानेही गळतो.

खालच्या भागातल्या वेलींवर एक तिसरी काडी उभी, न वाकवता ठेवून द्या. उभ्या काडीवर टोकाचे डोळे आधी फुटतात आणि बुडाचे झोपून राहतात. फ्रॉस्टने आडव्या काड्या मारल्या तर ती उपयोगी पडते, नाहीतर मेच्या शेवटी काढून टाकायची.

खांब, तारांचा ताण, टोकाचे अँकर हे सगळे याच काळात. तार सैल असेल तर जूनमध्ये पाल्याच्या वजनाने ओळच झुकते. माती-परीक्षण दर तीन वर्षांनी पुरते. नॉर्थ डाउन्स, साउथ डाउन्स या टेकड्यांच्या खडूच्या मातीत सामू (पीएच) चढा असतो. तिथे खुंट (ज्यावर कलम बांधतात ती मुळांची जात) चुना सोसणारा, फरकाल किंवा ४१बी, नसेल तर शिरा हिरव्या ठेवून पाने पिवळी पडतात आणि लोहाच्या फवारण्यांनी ते तात्पुरतेच झाकते.

एप्रिल, मे: फ्रॉस्ट

डोळे साधारण एप्रिलच्या मध्यापासून शेवटापर्यंत फुटतात आणि फ्रॉस्टची भीती मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टळत नाही. २०१७ मध्ये एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या थंडीने दक्षिण इंग्लंडमधल्या अनेक बागांची कोवळी फूट जाळली होती. लोकरी अवस्थेतला डोळा थोडी थंडी सोसतो. हिरवे पान उघडल्यावर उणे १ ते उणे २ अंशांत फूट काळी पडते.

हवामान खात्याचा आकडा तुमच्या उताराच्या तळाशी लागू होत नाही. फळतारेच्या उंचीवर, बागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात तापमापक लावा आणि त्याचा गजर अधिक १ अंशाला ठेवा. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली वाहते. तळाशी दाट कुंपण-झुडपे असतील तर तिथे ती तुंबते, त्यांचा खालचा अर्धा मीटर मोकळा करा. ओळींमधले गवत आखूड कापून ठेवा आणि या काळात माती भुसभुशीत करू नका. दाबलेली, ओलसर, उघडी माती दिवसा ऊब साठवते आणि रात्री परत देते. या साध्या कामांनी अर्धा-एक अंश वाचतो आणि कित्येकदा तेवढाच कमी पडत असतो.

बाग उबदार ठेवायला मेणबत्त्या, म्हणजे मेणाने भरलेले डबे, वापरत असाल तर हेक्टरी ३०० ते ४००, म्हणजे एकरी १२० ते १६० डबे लागतात. सगळे एकदम पेटवू नका. तापमान अर्ध्या अंशावर आले की एकाआड एक, आणखी उतरले तर उरलेले. सर्वांत कडक वेळ सूर्योदयाच्या आगेमागे असते. ऊन दिसले म्हणून लगेच विझवायला धावू नका, तापमापक शून्याच्या वर स्थिर झाला की झाकणे लावा आणि उरलेले मेण पुढच्या रात्रीला ठेवा. वारा असलेल्या थंड रात्री या मेणबत्त्यांचा उपयोग नाही, ऊब वाहून जाते. शेजाऱ्यांना आणि स्थानिक फायर सर्व्हिसला आधी कळवून ठेवा. पहाटे तीनला टेकडीवर शंभर ज्वाळा दिसल्या की कुणीतरी फोन करतेच.

फूट जळालीच तर दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन जाऊ नका. दहा-बारा दिवस थांबा. दुय्यम डोळा फुटेल, त्यावर घड कमी आणि उशिरा येतील. सेवाल ब्लाँसारख्या संकरित जातींत दुय्यम डोळ्यालाही बऱ्यापैकी फळ लागते, पिनोकडून फार अपेक्षा ठेवू नका.

फूट १० ते १५ सेंटिमीटर झाली की विरळणी. खोडावरची वांझ फूट हाताने खुडायची. एका डोळ्यातून दोन फुटवे आले असतील तर अशक्त असेल तो काढायचा. मीटरला १० ते १२ फुटवे राहावेत. माथ्याजवळचे मात्र हात राखून काढा, पुढच्या वर्षीच्या काड्या तिथूनच मिळणार आहेत. या वेळी पानांवर वरून फुगवटे आणि खालून पांढरी लव दिसते, नवशिक्या माणसाला तो केवडा (पानांवरचा बुरशीरोग) वाटतो. बहुधा तो इरिनोज कोळी असतो, दिसायला भयानक पण पिकाला जवळजवळ निरुपद्रवी.

जून, जुलै: फुलोरा, पाला, फवारणी

जूनमध्ये फूट दिवसाला दोन-तीन सेंटिमीटर वाढते. सरकत्या तारांच्या जोड्या आठवड्याला एकदा वर उचला आणि बाहेर लोंबणारे फुटवे आत घ्या. हे काम एक आठवडा चुकले की तणावे एकमेकांत अडकतात, फुटवे तुटतात आणि दुप्पट वेळ जातो.

फुलोरा जूनच्या शेवटी ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. १५ अंशांखालची थंडी आणि संततधार असेल तर फुलाची टोपी गळत नाही, परागण होत नाही, मणीगळ होते आणि उरलेल्या घडात मोठ्या मण्यांत बारीक मणी मिसळलेले दिसतात. २०१२ चा उन्हाळा असाच गेला. नायटिंबर या मोठ्या उत्पादकाने त्या वर्षी वाइनच न करण्याचे जाहीर केले होते. शिवाय पुढच्या वर्षीच्या डोळ्यातला घडाचा अंकुर याच आठवड्यांत ठरतो. म्हणून एक वाईट जून दोन हंगाम खातो, आणि उबदार, लख्ख जूननंतरच्या हिवाळ्यात छाटणीला थोडे कमी डोळे ठेवले तरी चालते.

बोरॉन किंवा जस्त फवारायचे ते पानदेठ-परीक्षणात कमतरता दिसली तरच. खालच्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा (काळ्या द्राक्षात लालसर) पडला तर मॅग्नेशियम कमी आहे. मॅग्नेशियम सल्फेटच्या पातळ द्रावणाच्या दोन-तीन फवारण्या पुरतात.

रोग तीन. भुरी या पांढऱ्या पावडरीसारख्या बुरशीसाठी तीन ते पाच पाने उघडल्यापासून १० ते १४ दिवसांनी गंधक. ते गार हवेत मंद चालते आणि ३० अंशांच्या आसपास पाने भाजते. केवड्यासाठी जुना नियम: फूट १० सेंटिमीटर, तापमान १० अंश आणि चोवीस तासांत १० मिलिमीटर पाऊस, हे तिन्ही जुळले की पहिली लागण झाली असे समजून चला. बोट्रायटिस, म्हणजे राखाडी घडकुज, हा इथला खरा शत्रू. त्याच्या महत्त्वाच्या वेळा तीन: ८० टक्के टोप्या गळल्यावर, मणी एकमेकांना टेकून घड बंद होण्याआधी आणि मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडू लागताना. यातली मधली चुकली तर घडाच्या आत औषध पोचण्याचा मार्गच बंद होतो. दर वेळी औषधाचा गट बदला आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचे ते लेबलवरून मोजा.

उत्पादन इंग्लंडमध्ये वेलीसाठी मंजूर आहे की नाही ते एचएसई या सरकारी नियामक संस्थेच्या यादीत तपासा, दुसऱ्या देशातून आणलेला डबा चालणार नाही. व्यावसायिक औषधे पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्याकडे पीए१ आणि पीए६ ही प्रमाणपत्रे लागतात. नोंदी किमान तीन वर्षे ठेवायच्या. पूर्ण पाल्याला एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते. १५ लिटरचा पंप म्हणजे १३-१४ फेऱ्या. एक एकर ही पाठीवरच्या पंपाची शेवटची मर्यादा समजा.

पानकाढणी हे या बागेतले सर्वांत स्वस्त बुरशीनाशक आहे. मणी मिरीएवढे ते वाटाण्याएवढे असताना घडांभोवतीची एक-दोन पाने काढा. उत्तर-दक्षिण ओळी असतील तर पूर्वेची बाजू, म्हणजे सकाळच्या उन्हाने दव लवकर सुकते. पश्चिमेची बाजू ऑगस्टच्या शेवटी, हलक्या हाताने. इंग्लंडमध्ये द्राक्षे भाजत नाहीत असे गृहीत धरण्याचे दिवस गेले: १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबी इथे ४०.३ अंश नोंदले गेले. लवकर उघडलेला मणी उन्हाला सरावतो, उष्णतेच्या लाटेत अचानक उघडलेला भाजतो.

शेंडे वरच्या तारेच्या वर गेले की खुडा, पण प्रत्येक फुटव्यावर १२ ते १५ पाने राहू द्या. फार लवकर, फार खाली खुडले की बगलफूट (पानांच्या बगलेतून येणारी फूट) उसळते आणि पुन्हा जंगल होते.

ऑगस्ट, सप्टेंबर: मोजणी आणि राखण

अंदाज आत्ताच काढा. ओळींतून यादृच्छिक ३० वेलींचे घड मोजा आणि सरासरी काढा. वेलीला १६ घड, तोडणीच्या वेळी घड १०० ग्रॅम धरला तर १,४०० × १६ × ०.१ = २,२४० किलो. चांगल्या फुगवणीच्या वर्षी हे वजन ३० टक्क्यांनी सहज वर जाते. त्यातून वाइनरीत प्रेस आणि टाकी किती लागेल ते ठरते, आणि जागा ऑगस्टमध्येच सांगून ठेवली नाही तर ऑक्टोबरात सगळ्यांची द्राक्षे एकदम तयार होतात. अंदाज एकरी तीन टनांच्या वर जात असेल आणि उन्हाळा थंड असेल, तर पाणी उतरताना मागे राहिलेले हिरवे घड आणि बगलफुटीवरचे घड कापून टाका. हात कचरतो, पण ते घड पिकणार नसतात, बाकीच्यांची साखर मात्र अडवतात.

मणी मऊ पडायच्या आत जाळी लावा. ती जमिनीलगत नीट बंद करा आणि रोज फेरी मारा, पक्षी आणि हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) अडकतात. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी रात्रीत खालची अख्खी ओळ साफ करतो. तो १९९२ च्या कायद्याने संरक्षित आहे, त्याला पकडता येत नाही, बीळ बुजवता येत नाही. १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर विजेच्या तारा हाच उपाय, आणि तारेखालचे गवत कापलेले हवे, नाहीतर प्रवाह गवतातून जमिनीत जातो. घडात जाळे विणणारी हलकी तपकिरी सफरचंद-पतंगाची अळी स्वतः थोडेच खाते, पण तिने केलेल्या जखमेतून कूज शिरते. गंध-सापळे जूनपासून लावा. रोंदोसारख्या लवकर पिकणाऱ्या काळ्या जातींत पिकत्या मण्यांत अंडी घालणारी ठिपकेदार पंखांची ड्रोसोफिला माशी असते, तिथे जास्त थांबू नका.

पानांवर वाघासारखे पट्टे उमटलेल्या वेली दिसल्या तर खोडावर रंगाची खूण करा. ती एस्का या खोडाच्या बुरशीरोगाची लक्षणे, पाने गळाल्यावर ओळखता येत नाहीत.

सप्टेंबरअखेर, ऑक्टोबर: तोडणी

आठवड्याला दोनदा नमुना घ्या. १०० ते २०० मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्यावरचे आणि टोकाचेही. नजर आपोआप पिकल्या घडाकडे जाते, म्हणून दर दहाव्या वेलीवर न बघता हात घालायचा. सगळे एकत्र चुरून रसाची साखर आणि आम्लता मोजा. फेसाळ वाइनला १७ ते १८.५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) आणि लिटरला १० ते १२ ग्रॅम आम्लता ठीक. साध्या बॅकसला १९-२० ब्रिक्स आणि आम्लता ८-९ च्या आसपास हवी. साखर कमी पडली तर वाइनरीत ठरावीक मर्यादेत वाढवता येते. कूज झाकता येत नाही. आठवडाभर थांबून अर्धा ब्रिक्स मिळणार असेल आणि पुढे तीन दिवस पाऊस दिसत असेल, तर तोडा.

दव वाळल्यावर सुरुवात. १५-२० किलोचे, तळाला भोके असलेले क्रेट, काठापर्यंत न भरलेले, म्हणजे रचताना वरचा क्रेट मणी चिरडत नाही. कुजका भाग जागेवरच कात्रीने काढून जमिनीवर टाका. ताशी माणशी ४० किलो धरले तर २,२४० किलोला दहा माणसे सहा तासांच्या आत. त्याच दिवशी प्रेसपर्यंत पोचवा.

नोव्हेंबर, डिसेंबर

जाळ्या लगेच काढा, पण पाने आपणहून गळू द्या. तोडणीनंतरचे दोन-तीन आठवडे पाने खोडात साठा भरत असतात. बाग ०.१ हेक्टरहून मोठी असेल तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या नोंदवहीत तिची नोंद हवी आणि दरवर्षी पिकाचे विवरण द्यावे लागते. त्यासाठी क्रेटची वजने जातीनिहाय लिहून ठेवा. सामू ६ च्या खाली असेल तर चुना आता टाका. गवतासाठी मेंढ्या सोडायच्या तर आत्तापासून, डोळे फुगायच्या आत बाहेर काढायच्या.

रंगाची खूण केलेल्या वेली मुळासकट उपटा. जागी लावायची कलमे, खुंट आणि जात ठरवून, याच महिन्यांत रोपवाटिकेला सांगा. ती मेमध्ये, माती उबदार झाल्यावर लावायची, कलमाचा जोड जमिनीच्या पाच सेंटिमीटर वर ठेवून. जोड मातीत गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात आणि फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीपासूनचे संरक्षण संपते.